माझ्या तोंडात सुई नाही

मी एक जुना... थांबा. जुना म्हणू की जुनी, इथेच माझी गाडी अडते. व्याकरणवाले म्हणतात, 'तो कृमी'. पण अंडी मी घालणार, मग मी 'तो' कसली? तेव्हा मित्रांनो, मी एक जुनी सूत्रकृमी आहे, आणि ज्याला हे पटत नसेल त्यानं स्वतः अंडी घालून दाखवावीत.

नाव ऐकून तोंड वाकडं केलंत ना? सवय आहे मला. सूत्र म्हणजे दोरा, आणि मी दोऱ्यासारखी आहे हे खरं. पण केवढासा दोरा! तुम्ही वहीत स्वल्पविराम देता, त्याच्या शेपटीवर मी ऐसपैस मावेन. अंग काचेसारखं आरपार आहे. मला डोळे नाहीत आणि कानही नाहीत. मी वासावर चालते आणि कातडीनं ऐकते. हो, कातडीनं! बोलण्याची थरथर माझ्या अंगाला लागते. त्यामुळे माणसं माझ्याविषयी काय काय बोलली, ते सगळं मला ठाऊक आहे.

माझा जन्म एका छोट्या रोपवाटिकेत झाला. मागच्या भिंतीला टेकून खतमातीचा एक ढीग होता, त्यातल्या मातीच्या एका कणाला चिकटलेल्या अंड्यातून मी बाहेर आले. रोपवाटिका एक बाई आणि त्यांचा दीर मिळून चालवत. बाईंचा नवरा दूर कुठेतरी नोकरीला होता. दिवसभर दिराची 'वहिनी, खुरपं कुठंय? वहिनी, चहा झाला का?' अशी हाक चालू असायची, म्हणून मीही त्यांना वहिनीच म्हणते. त्या दिराला भावोजी म्हणायच्या, तर मीही भावोजीच म्हणते. नातं लावायला काही पैसे पडत नाहीत.

तो ढीग म्हणजे वहिनींचा जीव की प्राण. भाजीची देठं, फळांची सालं, झाडून काढलेला पाला, सगळं त्या तिथं आणून टाकायच्या आणि फावड्यानं वरखाली करायच्या. वर्षानुवर्षं हेच. त्या ढिगातली माती ट्रेमध्ये भरायची, त्यात टोमॅटो, मिरची, वांगी पेरायची आणि रोपं वीतभर झाली की विकायची, असा त्यांचा धंदा होता.

आणि त्या ढिगात आमचा धंदा काय होता? जेवणे! आम्ही जिवाणू खातो. माझं तोंड म्हणजे एक साधी उघडी नळी आहे आणि घशात एक इवलंसं जातं आहे. ओढायचं, भरडायचं, गिळायचं, बस्स. आता जिवाणूंच्या अंगात नत्र फार, आम्हाला लागतं त्याहून जास्त. जास्तीचं आम्ही बाहेर टाकतो आणि तेच रोपांची मुळं पिऊन घेतात. हसू नका, पण स्पष्टच सांगते, वहिनींची हिरवीगार रोपं आमच्या शूवर वाढत होती.

एवढ्या गर्दीत मी वाढले, पण मला सोबत अशी कुणाचीच नव्हती. आई मी पाहिली नाही. अंडं घालून ती पुढे निघून गेली होती. आमच्यात सासर नाही, माहेर नाही, नवरा तर बहुतेकींना लागतच नाही. आई आणि बाप दोन्ही एकाच अंगात. ऐकायला सोयीचं वाटतं ना? पण कुणाचीच गरज नसली की कुणी कुणाची चौकशीही करत नाही. शेजारून शेकडो जणी सळसळत जायच्या, एक शब्द बोलायच्या नाहीत.

पुढे ढिगातली गर्दी फारच वाढली. आम्हाला एकमेकींचा वास येतो, आणि तो वास दाट झाला की त्याचा अर्थ एकच असतो: बायांनो, जेवण कमी आणि जेवणाऱ्या फार. अशा वेळी लहानपणीच ठरवावं लागतं. तसंच मोठं व्हायचं आणि उपाशी मरायचं, नाहीतर थांबायचं. मी थांबले. आम्हाला खरंच थांबता येतं, मित्रांनो. तोंड बंद होतं, कातडी जाड होते, अंग बारीक होतं आणि वय जिथल्या तिथं उभं राहतं. अंगावरच्या साठवलेल्या चरबीवर दिवस काढायचे आणि अन्नाचा वास येण्याची वाट बघायची. वास आला की तोंड पुन्हा उघडतं. माझ्या बरोबरीच्या ज्या थांबल्या नाहीत त्या मोठ्या झाल्या, म्हाताऱ्या झाल्या, संपल्या. मी आपली तेवढीच्या तेवढी. जुनी म्हणाले ते यासाठी.

त्याच सुमारास ट्रेमधली रोपं माना टाकू लागली. कारण मला कळत होतं. भावोजी सकाळ-संध्याकाळ पाईप धरून उभे राहायचे आणि गाणं संपेपर्यंत पाणी सोडायचे. मुळं गुदमरत होती. पण कारण हातातल्या पाईपमध्ये असेल असं कुणाला वाटतं? भावोजी म्हणाले, "वहिनी, मातीतच काहीतरी गडबड आहे. तपासून आणतो." त्यांनी ढिगात हात घातला, दोन मुठी माती पिशवीत भरली, आणि त्या मुठीत मी होते.

माती तपासणीची खोली लहानशीच होती. एक लांब टेबल, चाळण्या, भिंतीला लागून फळी, आणि तिथं काम करणाऱ्या एक ताई. त्यांनी नरसाळ्याच्या खाली रबरी नळी लावली होती आणि नळीला चिमटा. नरसाळ्यात पाणी, वर जाळी, जाळीवर पातळ कागद आणि कागदावर आमची माती. आम्ही वळवळत वळवळत कागदातून पाण्यात उतरलो आणि बुडून नळीच्या तळाशी जमलो. पोहायला आम्हाला येत नाही, नुसतीच तडफड. मग ताईंनी चिमटा ढिला केला आणि आम्ही थेंबांबरोबर काचेच्या बशीत पडलो.

वरून उजेडाची ऊब अंगाला लागली. ताई भिंगातून बघत होत्या आणि स्वतःशी बोलत होत्या. "हिच्या तोंडात सुई नाही... हिच्याही नाही... वा, तुम्ही तर सगळ्या भल्या घरच्या निघालात."

सुईचं सांगते. आमच्या काही चुलत बहिणींच्या तोंडात बारीक सुई असते. ती मुळात खुपसून त्या रस पितात आणि रोपांचं वाटोळं करतात. आमच्या घराण्याची बदनामी झाली ती त्यांच्यापायी. पण बघणाऱ्याला तोंड बघून कळतं. ताईंनी नेमकं तेच बघितलं. मग माझ्यावर भिंग आलं आणि त्या म्हणाल्या, "आणि तू गं? तोंड मिटून बसलीयेस. रुसलीस होय?"

मित्रांनो, माझ्या उभ्या आयुष्यात मला कुणी 'तू गं' म्हटलं नव्हतं. मला रडता येत नाही, नाहीतर रडले असते.

तेवढ्यात दारात भावोजी आले. त्यांचा टेम्पो बाहेर रस्त्यात आडवा उभा होता आणि मागून कुणीतरी हॉर्नवर हात ठेवूनच बसलं होतं.

"झालं का मॅडम?"

"झालं. तुमच्या मातीत सूत्रकृमी आहेत, भरपूर आहेत, पण..."

"कृमी? म्हणजे जंत! मला वाटलंच होतं. मातीला जंत झाले!"

"अहो, ऐका तर पूर्ण."

"कळलं मॅडम, कळलं. आलो रे बाबा, काय रडतोयस!" हे हॉर्नवाल्याला. आणि भावोजी गेले. ताईंनी मागून फोन लावला. पलीकडून आवाज आला, "चिंता नको मॅडम, आज चांगला बंदोबस्त करतो," आणि फोन बंद. पुन्हा लावला तर उचलला नाही. 'पण' हा शब्द ताईंच्या तोंडातच राहिला. त्या एका 'पण'मध्ये आम्हा सगळ्यांचे प्राण होते.

ताईंनी बशीतलं पाणी मोरीत ओतलं नाही. आम्हाला उरलेल्या मातीवर परत ओतलं, पिशवीचं तोंड नुसतं दुमडलं आणि पिशवी फळीवर ठेवून दिली. नंतर दुसऱ्या पिशव्या आल्या, आमची मागे सरकली, आणि ताई आम्हाला विसरल्या. त्यांचा दोष नाही. फळी लांब होती आणि कामं फार होती.

माती हळूहळू सुकत गेली. आम्ही पाण्यावाचून हलू शकत नाही. कणाभोवती पाण्याचा जो पातळ पापुद्रा असतो तोच आमचा रस्ता. तो सुकत चालला तशा मोठ्या झालेल्या सगळ्या गेल्या. लहानग्या गेल्या. माझ्यासारख्या थांबलेल्या मोजक्याच होत्या, त्याही एकेक करून संपल्या. शेवटचा ओलावा होता तेव्हा मी एका कणाच्या टोकावर चढले, शेपटीवर उभी राहिले आणि डोलत राहिले. थांबलेल्यांची ती रीतच आहे. कुणी गोगलगाय, कुणी किडा जवळून गेला तर त्याला चिकटायचं आणि नवीन जागी उतरायचं. अहो, न्या ना मला, एवढंच त्या डोलण्यात म्हणायचं असतं. मी खूप डोलले. वर प्लास्टिक होतं. तिथून कुणीच गेलं नाही.

मग मीही सुकले. अंगातलं पाणी गेलं, हालचाल गेली. मेले नव्हते, एवढंच म्हणता येईल. किती काळ गेला ते विचारू नका. मला घड्याळ नाही आणि वय तर थांबलेलं. मला फक्त एवढं आठवतं की सुकण्याच्या आधी मी आजूबाजूला वास घेतला होता आणि कुणाचाच वास आला नव्हता. ज्या वासाला गर्दी म्हणून मी कंटाळले होते तो यावा म्हणून मी तळमळले. मला मरणाची भीती नव्हती. पण माझ्यामागे कुणीच उरलं नाही तर ढिगात आम्ही होतो हे कुणाच्या अंगात राहणार? तीच एक भीती मला खात होती.

अंगाला पाणी लागलं तेव्हा पहिल्यांदा ऐकू आला तो वहिनींचा आवाज. दबलेला, घोगरा. त्या ताईंच्या खोलीत उभ्या होत्या. त्यांच्यासमोर रोपांचा ट्रे होता, आणि भावोजी त्यांच्या मागे होते.

"दुसऱ्यांदा पेरलं, ताई. दुसऱ्यांदा तेच. उगवतात आणि पिवळी पडतात. हे बघा ना, जीवच नाही अंगात."

"मातीला काय केलंत?"

भावोजींनी घसा साफ केला. "उकळतं पाणी ओतलं. मोठं पातेलं चढवून, ढीगभर. वरून पावडर मारली. जंत म्हटल्यावर काय करणार? घरातल्या पोरांनासुद्धा जंताचं औषध पाजलं."

"अहो, मी सांगत होते की कृमी आहेत, पण चांगले आहेत!"

"मग आधी सांगायचं ना, मॅडम."

"सांगत होते. तुम्ही टेम्पो काढत होतात."

ताईंनी मग सगळं समजावलं. उकळलेल्या मातीत जिवाणू पुन्हा आले, भरमसाट आले, पण त्यांना खाणारं कुणी राहिलं नाही. सगळं नत्र जिवाणूंच्या पोटात अडकलं आणि रोपं उपाशी राहिली. पहिली रोपं कशानं मेली तेही त्यांनी विचारून काढलं.

"पाणी किती घालत होतात?"

"पोटभर," भावोजी म्हणाले, आणि मग हळूच पुटपुटले, "गाणं संपेपर्यंत."

"म्हणजे माझी माती मेली का हो?" वहिनींनी विचारलं. इतकी वर्षं फावड्यानं परतलेला ढीग त्यांच्या त्या आवाजात होता. त्यांचा आवाज ऐकून मला वाटलं, ही बाईसुद्धा माझ्याइतकीच एकटी आहे.

वहिनी दारात आल्या तेव्हाच ताईंना फळीवरच्या जुन्या पिशवीची आठवण झाली होती. म्हणून तर मला पाणी लागलं होतं. त्यांनी चिमूटभर माती बशीत भिजवून ठेवली होती आणि आता त्या भिंगाला डोळा लावून बसल्या. बराच वेळ. "नाही... नाही... कुणीच नाही," असं त्या पुटपुटत होत्या. मी सगळा जीव एकवटला आणि अंगाला एक हिसका दिला.

"आहे! एकच आहे, पण आहे!"

वहिनींनीही भिंगातून पाहिलं. "अगं बाई, केवढीशी! आणि केवढी धडपड चाललीय हिची."

"एकीनं काय होणार, वहिनी?" भावोजी म्हणाले. "हिला जोडीदार तरी..."

"लागत नाही. हिची ही पुरेशी आहे."

भावोजींनी छताकडे पाहिलं असावं.

ताईंनी सांगितलं, हिला एका कुंडीत सोडा, थोडं ओलं खत घाला, सावलीत ठेवा, पोरंबाळं झाली की कुंडी ढिगात मिसळा. वहिनींनी ती बशी दोन्ही हातांनी धरून घरी नेली. मला कुंडीत ओतलं आणि वरून मूठभर खत घातलं. त्या खताचा वास आला, मित्रांनो, आणि माझं मिटलेलं तोंड उघडलं! किती काळानं मी जेवले. थांबलेलं वय पुन्हा चालू लागलं. मी वाढले, मोठी झाले, माझ्या पोटात अंडी धरली. कुंडीत फिरताना मी सारखा वास घेत होते. कुणी नव्हतं. पण आता होणार होतं.

आणि भावोजींनी पुन्हा घोळ घातला. वाईट मनानं नाही हो. त्यांना आमची किळस वाटायची ती काही एका भाषणानं जाईना. 'ही जंतांची कुंडी पोरांच्या हाताला लागायला नको' म्हणून त्यांनी ती उचलून शेडच्या पत्र्यावर नेऊन ठेवली. वर ऊन. खत सुकलं. ओल राहिली ती फक्त तळाशी, छिद्राजवळ. तिथले जिवाणू मी खाऊन संपवले आणि मग काहीच उरलं नाही.

माझ्या पोटात अंडी तयार होती. घालायची कुठे? बाहेर पडून पिल्लं काय खाणार? नुकत्या जन्मलेल्या पिल्लाच्या अंगावर चरबी नसते. त्याला थांबायचं म्हटलं तरी आधी चार घास पोटात जावे लागतात, तेव्हा कुठे तोंड मिटून, कातडी जाड करून वाट बघता येते. उपाशी पिल्लू थांबूही शकत नाही, ते नुसतं मरतं. मी अंडी घातली असती तर माझ्या डोळ्यांदेखत, म्हणजे माझ्या कातडीदेखत, एकूण एक गेलं असतं.

म्हणून मी अंडी घातली नाहीत. आतच ठेवली.

आमच्यात आया असं करतात. अंडी पोटातच उबतात, पिल्लं पोटातच फुटून निघतात, आणि तिथं त्यांना जे अन्न मिळतं ते म्हणजे आई. हे ऐकून घाबरू नका. मी हे रडगाणं म्हणून सांगत नाही. आज सकाळी माझ्या आत पहिल्यांदा काहीतरी हललं. मी दचकले. मग दुसरीकडून कुणीतरी ढुशी दिली. मी बोलते आहे ना, आत्तासुद्धा ती सगळी हलताहेत. इतक्या जवळ माझ्या आजवर कुणीच आलं नव्हतं.

मघाशी खालून वहिनींचा आवाज ऐकला. "भावोजी, कुंडी कुठंय? पत्र्यावर? उन्हात? अहो, तुम्हाला सांगितलं काय आणि तुम्ही केलंत काय!" त्यांच्या आवाजात रडू होतं. शिडी लावल्याची खडखड झाली. "तुम्ही चढू नका वहिनी, मीच आणतो. चुकलं माझं. शपथ, ऐकलंच नाही नीट." मग कुंडी हलली. मला जाणवलं, त्यांनी ती छातीशी धरली होती, किळस बाजूला ठेवून. खाली आल्यावर त्यांनी पाणी घातलं, पाईपनं नाही, ओंजळीनं, थेंबथेंब. "आजच ढिगात मिसळू," वहिनी म्हणाल्या. "जगली असेल तर तिथं जगेल."

मी ढिगात जाणार नाही. पण माझी पोरं जातील. पोट भरलेली, तोंड मिटून वाट बघणारी. तिथं जिवाणू भरपूर आहेत, वास आला की त्यांची तोंडं उघडतील. त्यांना ढिगात एकमेकींचा वास येईल.

मित्रांनो, माझं एक मागणं आहे. कुणी तुम्हाला कुणाविषयी काही सांगत असेल आणि मध्ये 'पण' म्हणून थांबलं, तर बाहेर कितीही हॉर्न वाजू देत, तुम्ही उभे राहा. पुढचं ऐकून घ्या. आणि नाव कितीही वाईट वाटलं तरी आधी तोंडात सुई आहे का तेवढं बघा.

आता मला बोलवत नाही. अंग जड झालं आहे आणि आतून फार गडबड चालली आहे. दुखतं का? दुखतं. पण कुणी हाक मारून मला यातून बाहेर काढू नका. जेवू दे त्यांना.